धुळाजीची वीणा

मोहनरावांच्या तेराव्याच्या पंगती अजून उठायच्या होत्या, तोच विठ्ठलराव माजघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि भावजयीकडे देवघराची किल्ली मागू लागले.

केसरबाई भिंतीला टेकून बसली होती. तेरा दिवसांत तिच्या पोटात धड घास गेला नव्हता. तिने पदर सावरला, पण मान वर केली नाही.

"किल्ली कावून पायजे?"

"वीणा माझ्या घरी न्यायची हाय, वैनी. या घरात आता बाप्या राहिला न्हाई. बाईमाणसाच्या हवाली वीणा ठेवत नसत्यात."

"पंगती तर उठू द्या, भावजी."

"उठल्यावर देता का?"

"न्हाई," केसरबाई म्हणाली.

विठ्ठलराव तिचे धाकटे दीर. दोघा भावांची दहा वर्षांपूर्वी वाटणी झाली होती आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहिली होती. वीणा तेवढी थोरल्याकडे राहिली. मोहनराव होते तोवर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी निदान तोंडदेखलं बोलणं चालू होतं. त्या दुपारी तेही संपलं.

चौसाळ्यात या घराला वीणेकर म्हणत. पाच पिढ्यांमागे धुळाजी नावाचा त्यांचा मूळपुरुष कुठूनसा गावात आला. त्याच्या खांद्याला वीणा होती आणि गळ्यात देवाचं नाव होतं, असं सांगत. त्याने देवळात बसून अशी काही सेवा केली, की तेव्हाच्या सुभेदाराने ओढ्याकाठची काळीभोर जमीन त्याला इनाम लिहून दिली. गाव त्या जमिनीला वीणेचं शेत म्हणायचं. ज्याच्या ताब्यात वीणा, त्याचं ते शेत. दरसालच्या सप्ताहात ती वीणा कापडात गुंडाळलेली देवापुढे ठेवायची आणि तिच्या धन्याने देवळातली दुसरी वीणा सगळ्यांच्या आधी गळ्यात घ्यायची, असा मान होता. कापडातली वीणा मात्र गावात कुणी पाहिली नव्हती. वरचं कापड विरलं, की दसऱ्याला घरातला कर्ता पुरुष दार लावून घ्यायचा, जुन्या कापडावर नवं कापड गुंडाळायचा आणि बाहेर यायचा. देवळातली वीणा लांब दांडीची, ही हातभर आखूड आणि जाडजूड. असं का, म्हणून कुणी विचारलं, तर ही माणसाने घडवलेली नव्हे, धुळाजीबाबाला देवाने दिलेली आहे, असं उत्तर मिळायचं.

केसरबाईला त्या वीणेचं प्रेम नव्हतं. अकराव्या वर्षी ती या घरात आली, तेव्हा सासूने तिला देवघराचा उंबरा दाखवून सांगितलं होतं, की तुझा पाय इथपर्यंत. एकतीस वर्षं तिने तो उंबरा बाहेरून सारवला. पोटी एकच मुलगी झाली, ती तेलगावला दिली. मुलगा झाला नाही त्याचा दोषही सासूने तिच्याच माथी मारला होता, कधीतरी उंबरा ओलांडला असशील म्हणून. त्यामुळे दिराने किल्ली मागितली तेव्हा तिच्या मनात भक्ती वगैरे काही नव्हती. आयुष्यभर ज्या वस्तूपायी आपल्याला दाराबाहेर ठेवलं, ती आता हा माणूस आपल्या नवऱ्याची राख निवायच्या आत उचलून न्यायला आला आहे, एवढंच तिला दिसत होतं.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. सामाईक विहिरीवर केसरबाईचे बैल पाण्याला गेले, की विठ्ठलरावांचे गडी ते हाकलून लावू लागले. केसरबाईने त्यांच्या शेळ्या दोनदा कोंडवाड्यात घातल्या. विठ्ठलरावांनी बांधावरची तिच्या बाजूची बाभूळ तोडून नेली. एके सकाळी देवघराच्या दाराला त्यांचं कुलूप दिसलं. केसरबाईने मुसळ आणलं आणि बायाबापड्यांच्या देखत ते फोडलं. उंबरा ओलांडून ती पहिल्यांदा आत गेली ती अशी, हातात मुसळ घेऊन.

शेवटी दोघांनीही कचेरीत अर्ज दिले. केसरबाईचा अर्ज तेलगावच्या व्याह्यांनी उर्दूत लिहवून आणला. विठ्ठलरावांच्या अर्जात लिहिलं होतं, की देवसेवेचं साधन विधवेच्या हाती विटाळलं आहे. केसरबाईच्या अर्जात होतं, की दीर दांडगाई करतो. दोन्ही कागद वाचून तहसीलदाराने हुकूम काढला, की आधी पेशकाराने, म्हणजे कचेरीतल्या त्याच्या मदतनीसाने, गावात जाऊन ती वस्तू पाहावी. ती काय आहे, किती जुनी आहे, कुणाच्या ताब्यात आहे, याचा पंचनामा करावा. निकाल त्यानंतर. मुलूख निजामाचा होता आणि ते साल फसली तेराशे बावीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बारा-तेरा होतं.

पेशकार आला, चावडीत सतरंजीवर बसला आणि त्याने वीणा आणायला सांगितलं. ती उचलायला विठ्ठलराव दोन माणसं घेऊन दारात आले. केसरबाईने त्यांना आत येऊ दिलं नाही. ते कापडाचं गाठोडं तिने स्वतःच्या दोन्ही हातांवर घेतलं आणि भर रस्त्याने चालत चावडीत नेलं. लोक वाट सोडून बाजूला झाले. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला.

"हे बघा, साहेब," विठ्ठलराव पेशकाराला म्हणाले. "बघा हिचं धाडस. आमच्या आईनं जल्मात हात लावला न्हाई."

पेशकाराला त्यात रस नव्हता. "कपडा निकालो," तो म्हणाला.

विठ्ठलराव म्हणाले, हे पुरुषाचं काम आहे. त्यांनी एकेक थर उलगडला. वरचं कापड केसरबाईच्या ओळखीचं होतं. खाली सासऱ्यांच्या वेळचं, त्याखाली कुजून तुटणारं, मग नुसता चुरा. अगदी आत हिरव्या साटिनीचा तुकडा होता, ठिकठिकाणी उडालेली जर असलेला. तो निघाला आणि वस्तू उघडी पडली. काळपट लाल लाकडाचा एकच ओंडका, मधे दोन्हीकडून चिमटलेला, पोटावर ताणलेलं कातडं, तेही एका बाजूने फाटलेलं. तार एकही नव्हती. लाकडाच्या अंगावर बारीक भोकांच्या रांगा होत्या. नाव नाही, सन नाही, कारागिराचा ठसा नाही.

पेशकाराने ती उलटीपालटी केली. "ये बीन कैसे?" तो म्हणाला. वीणेला तो बीन म्हणत होता, भोपळ्यांना तुंबे. "बीन को तुंबे रहते. इसकू एक बी नै."

"आमची अशीच हाय, साहेब," विठ्ठलराव म्हणाले. पण त्यांचा आवाज बसला होता, हे केसरबाईने ऐकलं.

पेशकाराने लिहिलं, एक लाकडी वाद्य, नाव माहीत नाही. बीडहून जाणता माणूस बोलावून आठ दिवसांनी पुन्हा पाहायचं ठरलं. तोवर वस्तू जिच्या ताब्यात होती तिच्याच ताब्यात ठेवून तो निघून गेला.

त्या आठ दिवसांत गावात एक बोलणं पसरलं. केसरबाईने खरी वीणा बदलली म्हणे. खरी तेलगावला मुलीकडे पोचवली आणि कुठल्या तमासगिराचं मोडकं खोकड कापडात बांधून चावडीत आणलं. बोलणं कुठून निघालं ते सांगायची गरज नव्हती. पाण्याला जाताना बायका तिच्याकडे पाहून बोलायच्या थांबत. विठ्ठलरावांच्या गड्याने एकदा तिच्या अंगणात थुंकून विचारलं, "खरी कुठं दडवली वं?" केसरबाईने घागर खाली ठेवली आणि त्याच्या अंगावर शेणाचा गोळा फेकला. तो नेमका तोंडावर बसला.

एका दुपारी तिने दार लावलं, ती वस्तू मांडीवर घेतली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. ती दिसते त्याहून जड होती. कातडं वाळल्या पापडासारखं कडक झालं होतं. जिथे तारा असतील तिथलं लाकूड मधल्या पट्ट्यात गुळगुळीत झालेलं होतं, तिच्या जात्याचा खुंटा झाला होता तसं. पाठीमागेही वीतभर जागा झिजलेली होती. कुणीतरी हे खूप वर्षं रोज हाताळलेलं आहे, एवढं तिला कळलं. देवाने दिलेल्या वस्तूची अशी झीज का व्हावी, ते मात्र कळेना. डोक्याकडच्या मोठ्या खुंट्यांपैकी एक बाकीच्यांसारखी नव्हती. बाकीच्या काळ्या, घोटीव. ही पांढरट आणि ओबडधोबड. तिला मोहनरावांनी एकदा हसत सांगितलेली गोष्ट आठवली, आणि ती बराच वेळ त्या खुंटीवर अंगठा ठेवून बसली.

आठव्या दिवशी बीडहून वाहेदमिया आले. साठीचा, काटकुळा माणूस. बीडात त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. चावडीत ते सतरंजीच्या कडेला बसले आणि कुणाचं पाणी न घेता म्हणाले, "पेशकार साहब, पहले एक बात लिखो. काल सांजच्याला रावसाहेबांचा माणूस माझ्याकडं आलता. वीणा म्हणून सांगा, बोलला. वीणा असंल तर वीणाच सांगीन. नसंल तर नाही सांगणार. नंतर माझ्याशी भांडू नका."

सगळ्यांनी विठ्ठलरावांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत राहिले.

वाहेदमियांनी वस्तू हातात घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ती डाव्या खांद्याशी टेकवून उभी धरली. इतक्या सहज, की तिला तसंच धरायचं असतं हे पाहणाऱ्या प्रत्येकाला समजलं. मग त्यांनी फाटल्या कातड्यातून आत बोट घातलं, वास घेतला, भोकं मोजली.

"ही सारंगी हाय," ते म्हणाले.

मागची माणसं पाहायला पुढे सरकली.

"एकाच लाकडातून कोरलेली. पोटाला बकऱ्याचं कातडं. मोठ्या खुंट्यांना आतड्याच्या जाड तारा, आणि ह्या बारीक भोकांत लहान खुंट्या, त्यांना पितळी तारा. घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवतात. शंभर साल तरी झाले असतील, जास्तच. ठसा नाही, कारण जुने कारीगर ठसा ठेवत नव्हते. पण हात चांगला हाय. लई चांगला."

"सारंगी म्हणजे," पेशकाराने विचारलं, "नाचगाने की?"

"हौ साहब. माझे वालिद, वडील माझे, मोमिनाबादच्या छावणीत हेच वाजवत होते. बाई पुढं नाचती, सारंगिया मागं उभा राहतो. बसून वाजवायची चीज, पण नाचाच्या मागं कमरेला बांधून उभ्यानं वाजवावी लागती. हे बघा." त्यांनी पाठीमागची झीज दाखवली. "हा कमरबंदाचा घासा. आणि हे पुढचं नखांचं. बोटानं दाबत नाहीत, नखाच्या मुळानं तार सरकवतात. तीस-चाळीस साल एकाच माणसानं वाजवली, तर असं लाकूड होतं. हिचा मालक पोटासाठी वाजवणारा होता. नाचणारीच्या मागं."

विठ्ठलराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा काळवंडला होता. "म्हंजी माझं म्हननं खरं झालं, साहेब. ही आमची वीणाच न्हवं. धुळाजीबाबा देवमाणूस. त्याच्या खांद्याला असलं कळवातणीच्या मागचं लाकूड? या बाईनं खरी वीणा इकली न्हाईतर दडवली, आन हे आणून ठिवलं. तिच्यावर चोरीचा गुन्हा लिवा."

पाठीमागून दोघातिघांनी री ओढली. कुणीतरी म्हणालं, झडती घ्या. पेशकाराने दौतीत टाक बुडवला आणि केसरबाईकडे पाहिलं. ती खांबाआड बसली होती. विधवेने चावडीत बोलायची रीत नव्हती, पण रीत मोडायला आता काही उरलंही नव्हतं.

"म्हाळू सुताराला बलवा," ती म्हणाली.

"त्याचा काय संबंध?" विठ्ठलराव म्हणाले. पण ते फार लवकर म्हणाले.

म्हाळू सुतार ऐंशीच्या घरातला. त्याला धरून आणलं. केसरबाईने सांगितलं, की काका, त्या वाद्याच्या डोक्याकडं बघा आणि काही ओळखू येतं का ते सांगा. म्हाळूला नीट दिसत नव्हतं. त्याने एकेक खुंटी चाचपली. चौथीवर त्याची बोटं थांबली.

"ही माझी हाय," तो म्हणाला. "बाभळीची. रंधा बसंना म्हणून वाकसानं तासली व्हती. टोकाला खाच राहिली, ती ही."

"केव्हा केलती?" पेशकाराने विचारलं.

"लई दिस झाले, साहेब. थोरल्या मालकांनी, ह्यांच्या वडलांनी, मोडकी खुंटी माझ्याकडं आणून दिलती. अशीच दुसरी कर म्हणले, आन कुणाला बोलू नगं. चीज मला दावली न्हाई. खुंटी तेवढी केली."

"मोडली कुणी होती?"

मघाशी विठ्ठलरावांचा आवाज आला होता त्या दिशेने म्हाळूने तोंड वळवलं.

"तुमी सांगता का, भावजी, का मी सांगू?" केसरबाई म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. विठ्ठलराव आठ वर्षांचे असताना वडील परगावी गेले होते. देवघर उघडं राहिलं होतं. पोराने आत जाऊन कापडावरूनच खुंट्या पिळायला सुरुवात केली, बाहेर देवळात करतात तशी. एक मोडली. वडिलांनी आल्यावर त्यांना गोठ्यात बांधून चाबकाने मारलं. मोहनरावांनी बायकोला हे सांगितलं होतं. "पाठीवर वळ असतील अजून," ती म्हणाली. "सदरा काढाया सांगा, साहेब."

सदरा काढायची वेळ आली नाही. विठ्ठलराव खाली बसले. "बरूबर हाय," ते म्हणाले. "ती खुंटी मीच मोडली व्हती."

केसरबाईला वाटलं होतं, की या क्षणी आपल्याला बरं वाटेल. वाटलंही, पण घोटभरच. कारण चावडीतली माणसं आता तिच्याकडेही त्याच नजरेने पाहू लागली होती. वस्तू बदललेली नव्हती. म्हणजे धुळाजीची वीणा ती हीच, आणि धुळाजी कुणी देवमाणूस नव्हता. कुणा नाचणारीच्या मागे उभा राहून पोट भरणारा सारंगिया होता, आणि गावाने पाच पिढ्या त्याच्या वंशजांना देवळात सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं.

तीन महिन्यांनी हुकूम आला. इनाम वीणेच्या सेवेसाठी दिलेलं होतं. वीणा म्हणून काही अस्तित्वात नाही. सबब जमीन खालसा. वाद्य केसरबाईच्या ताब्यात असल्याची नोंद पंचनाम्यात होती, तेवढी कायम राहिली. ज्या शेतासाठी दोघं भांडली ते दोघांचंही गेलं. सप्ताहाचा मान पंचांनी दुसऱ्या घराला दिला. गावात आता त्यांना वीणेकर म्हणत नव्हते, सारंगे म्हणत. विठ्ठलरावांच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली, तेव्हा मुलाकडच्यांनी कारणही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात विठ्ठलराव कुऱ्हाड घेऊन केसरबाईच्या दारात आले. मागे गडी होता, त्याच्या हातात रॉकेलची बाटली होती.

"आणा ते बाहीर," ते म्हणाले. "तुमी चावडीत तोंड उघडलं न्हसतं तर घर राहिलं असतं. त्याचे तुकडे करून जाळतो. संपून जाऊ दे."

"चावडीत मी बोलली न्हसती तर चोर ठरली असती."

"ठरायचं व्हतं! एकट्या तुमचं नाव गेलं असतं. आता सगळ्यांचं गेलं."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, आणि केसरबाईला तेच सगळ्यात जास्त लागलं. एकतीस वर्षांत तिला या घराने काय मोल दिलं ते कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. ती दारातून हलली नाही.

"पंचनाम्यात माझं नाव लिवलंय, भावजी. हात लावून बघा. सकाळच्याला मी कचेरीत आसन."

विठ्ठलरावांनी कुऱ्हाड तिच्या दाराच्या चौकटीत जोराने रोवली आणि तशीच सोडून निघून गेले. ती उपटायला केसरबाईला शेजारचा माणूस बोलवावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी जुंपायला लावली, सारंगी घोंगडीत घेतली आणि बीडला वाहेदमियांच्या दुकानात नेऊन ठेवली. "हे दुरुस्त होतं का?" तिने विचारलं. ते म्हणाले, कातडं नवं घालावं लागेल, तारा चढवाव्या लागतील, गज माझ्याकडे आहे. महिन्याने या. एवढ्या वैतागातून ती वस्तू तिने का वाचवली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सुरुवातीला नुसती खुन्नस होती. पण चावडीत वाहेदमिया जे बोलले त्यातलं एक वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. बाई पुढे नाचते, सारंगिया मागे उभा राहतो. ज्या धुळाजीबाबाच्या नावाने सासूने तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं, तो स्वतः जन्मभर कुणाच्या तरी मागे उभा होता. त्या माणसाचा तिला इतकी वर्षं राग होता. आता तो राग कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

महिन्याने ती पुन्हा बीडला गेली. दुकानात उन्हाची तिरीप आली होती. वाहेदमियांनी तिला पाट दिला, सारंगी खांद्याशी धरली आणि गज ओढला.

तिने कल्पना केली होती तसा तो आवाज गोड नव्हता. पहिल्यांदा तो नाकातून आल्यासारखा वाटला. मग त्याखालून पितळी तारा आपोआप गुणगुणायला लागल्या आणि केसरबाईच्या मानेवर काटा आला. माणूस बोलतो तसं ते बोलत होतं. शब्द नव्हते, पण बोलायची ओढ होती, थांबणं होतं, मनातलं गिळून टाकणंही होतं. तिने आयुष्यात देवळातले टाळ-मृदंग आणि लग्नातल्या सनया ऐकल्या होत्या. त्या सगळ्यांसाठी असत. हे एकट्या माणसासाठी असल्यासारखं होतं. ती रडली नाही. तिने जमिनीवरची एक काडी उचलून तिचे बारीक बारीक तुकडे केले, आणि वाहेदमिया थांबले तेव्हा तिच्या पायाशी त्या तुकड्यांचा लहानसा ढीग झाला होता.

"बाई, ह्या माणसाचा हात हलका होता," वाहेदमिया सारंगी पुसत म्हणाले. "झीज कुठं खोल नाही, सगळीकडं सारखी हाय. असा माणूस गाव सोडून, धंदा सोडून देवळात का बसला असंल, खुदा जाने. कुणी मेलं असंल. न्हाईतर कंटाळला असंल."

"इथंच ऱ्हाऊ द्या ही," केसरबाई म्हणाली.

"घरी नाही नेणार?"

"घरी नेली तर कुणीतरी फोडंल, न्हाईतर पुन्यांदा कापडात घालंल. तुमी वाजवत जावा."

वाहेदमियांनी मान हलवली. त्यांनी आभारही मानले नाहीत. त्यांनी सारंगी भिंतीजवळ, हाताशी येईल अशी ठेवली.

ती घरी परतली तेव्हा दिवस कलला होता. बैल सोडून ती अंगणात आली, तर मधल्या भिंतीपलीकडे विठ्ठलराव उभे होते. भिंत छातीइतकी उंच होती. कुऱ्हाडीच्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच तिच्यासमोर आले होते. गाडी बीडला का गेली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"ठिवून आलात?" त्यांनी विचारलं.

"हां."

ते गेले नाहीत. भिंतीवरची माती बोटाने खरवडत राहिले. त्यांच्या बाजूला त्यांची बायको दारात आली होती, तिला त्यांनी हाताने आत जायला सांगितलं.

"वाजवली त्यानं?"

"वाजवली."

"कशी वाजती?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

केसरबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या बैलांना विहिरीवरून हाकलणारा, तिला चोर ठरवायला निघालेला, तिच्या चौकटीत कुऱ्हाड रोवणारा हा माणूस होता. पण त्या घरात पाच पिढ्यांत त्या वस्तूचा आवाज कसा असेल असं वाटून तिला हात घालणाराही तोच एकटा होता, आणि त्यासाठी त्याने गोठ्यात मार खाल्ला होता. हे तिला त्या घटकेला स्वच्छ दिसलं. सांगावंसंही वाटलं. ओठांपर्यंत आलं. पण चौकटीतली खाच तिच्या पाठीशीच होती.

"बीडला दुकान हाय वाहेदमियाचं," ती म्हणाली. "कुणीबी दावंल."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर विठ्ठलराव अकरा वर्षं जगले. विहिरीच्या भांडणापायी ते महिन्या-दोन महिन्याला बीडच्या कोर्टात जात. कधी कधी मुक्कामही करत. पण त्या दुकानात ते गेले की नाही, ते कुणी पाहिलं नाही, आणि केसरबाईने कधी विचारलं नाही.